फेहरिस्त

आमच्या कपाटाच्या वरच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्यावर थोरलीच्या हस्ताक्षरात 'मराठी, इयत्ता चौथी' असे लिहिलेले आहे. आत मराठीचे मोजून तीन धडे आहेत. पुढची पाने मुलांच्या अम्मीने भरली आहेत. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक पानावर दोन रकाने पाडून. एका रकान्यावर लिहिले आहे 'अपना', दुसऱ्यावर 'अमानत'. जून २०२० ते जानेवारी २०२१ या आठ महिन्यांत आम्ही चार वेळा बिऱ्हाड हलवले. त्या प्रत्येक वेळच्या सामानाची फेहरिस्त या वहीत आहे.

आम्ही मूळचे परभणीचे. बी.एड. झाल्यावर कोकणातल्या एका उर्दू हायस्कूलला मराठी शिकवणारा माणूस हवा आहे असे कळले आणि आम्ही रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात आलो. त्याला आता बरीच वर्षे झाली. गावात आम्हाला अजून 'घाटावरचे सर' म्हणतात. त्यात टिंगल नाही, पण पुरते आपलेपणही नाही. नमाजाला एका सफेत उभे राहतो, लग्नात एका ताटावर जेवतो. पण आमची बोली दखनी, त्यांची कोकणी. आमच्या तोंडी ज्वारीची भाकरी, त्यांच्या तोंडी तांदळाची. कुणी वाईट वागले असे नाही. फक्त गावात कुणाची सोयरीक, कुणाची वाडी, कुणाचा बांध अशी बोलणी निघाली की आम्ही गप्प बसून ऐकायचो.

आम्ही राहत होतो ते घर दादींचे. जुने कौलारू घर, पुढे ओटा, मागे पडवी आणि पडवीपलीकडे दहा गुंठ्यांची सुपारीची वाडी. दादी ऐंशीच्या घरातल्या. एक मुलगा कुवेतला, दुसरा मुंबईत. अर्धे घर त्यांनी आम्हाला भाड्याने दिले होते. पण भाडे किती वाढवायचे यापेक्षा आमच्या धाकट्याने दूध का टाकले, याचीच त्यांना जास्त काळजी.

पुढचे सांगण्याआधी शाळेच्या रजिस्टरांबद्दल सांगायला हवे. जनरल रजिस्टर, ज्याला आमच्या शाळेत अजून 'दाखल-खारीज' म्हणतात, त्याची शाळेत सहा बाडे होती. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि त्या हिवाळ्यात शाळेच्या ऑफिसापुढे रीघ लागली. ज्यांनी चाळीस वर्षांत शाळेचे तोंड पाहिले नव्हते ते म्हातारे काठी टेकत आले. कुणाला स्वतःचा दाखला हवा, कुणाला मेलेल्या बापाचा. हेडसर आणि आम्ही बसून नावे शोधायचो. निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून! जुन्या मास्तरांनी सोयीसाठी लिहिलेली. एक आजोबा म्हणाले, "सर, माझा, माझ्या भावाचा आणि माझ्या चुलत्याचा वाढदिवस एकच कसा?" सारे हसले. पण हसताना दाखला मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. त्या दिवसांत आम्हाला पहिल्यांदा उमगले की आपण ज्याला ऑफिसातली धूळ समजत होतो, ती या लोकांची वतनदारी आहे.

मग मार्चमध्ये टाळेबंदी आली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहून गेला तो राहूनच गेला. रमजान घरातच, तरावीह घरातच, २५ मेची ईदही घरातच. हेडसर इलाजासाठी मुंबईला गेले होते, ते तिथेच अडकले. परभणीहून भाऊ फोन करी, "इकडे निघून या." पण ई-पास कुणी द्यायचा आणि चारशेहून अधिक किलोमीटर जायचे कशाने? आम्ही म्हटले, कोकणात निदान हवा मोकळी आहे.

ईदनंतर नवव्या दिवशी, बुधवारी, ३ जूनला ती मोकळी हवाच अंगावर आली. निसर्ग वादळ दुपारी आमच्याच किनाऱ्यावर चढले. आम्ही सारे माजघरात होतो. मुलांना पलंगाखाली सरकवले. दादींनाही आत चला म्हटले, तर म्हणाल्या, "माझं हाड वाकत नाही आता. मी इथंच बसते," आणि तस्बीह घेऊन भिंतीला टेकल्या. आधी कौले खडखडली, मग एकेक ओळ उठत गेली आणि माजघरात आभाळ दिसू लागले. वाडीतून काडकन् आवाज येत होते. पहिले काही आम्ही मोजले, पुढे मोजण्यासारखे राहिले नाही. संध्याकाळी वारा पडला तेव्हा दीडशे सुपाऱ्यांपैकी अकरा उभ्या होत्या. दादी पडवीत आल्या, पाहिले, आणि एवढेच म्हणाल्या, "बावांनी लावलेली होती." सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. दादींनी तो हिशेब मनात केला असावा, कारण नंतर त्या वाडीत गेल्याच नाहीत.

त्याच संध्याकाळी आम्ही शाळेत गेलो. गावात स्लॅबच्या इमारती थोड्या. शाळेच्या नव्या बाजूची कॉम्प्युटर-खोली त्यांतली एक. माणूस घाईत काय उचलतो ते त्या दिवशी पाहिले. जुजदानातले कुरआन शरीफ दादींच्या छातीशी. तांदळाचा डबा आणि गॅसची टाकी आम्ही उचलली. थोरलीने दप्तर घेतले, धाकट्याने बॅट. आम्ही मोठ्या शहाणपणाने मोबाईलचे तिन्ही चार्जर खिशात टाकले. पुढे महिनाभराहून अधिक काळ गावात वीज नव्हती. मुलांच्या अम्मीने वाकळींचे गाठोडे डोक्यावर घेतले. वाकळी म्हणजे आमच्याकडच्या गोधड्या. तीन होत्या. त्यांतली एक तिच्या मरहूम अम्मीने शिवलेली. घरातल्या सगळ्या बायकांच्या जुन्या लुगड्यांचे आणि ओढण्यांचे तुकडे घालून, बारीक टाक्यांची. वाटेत आडवी पडलेली झाडे, तुटलेल्या तारा. हातगाडी जाईना. सगळे डोक्यावरून, फांद्यांखालून वाकत नेले.

कॉम्प्युटर-खोलीत पाच कुटुंबे. तोंडाला मास्क, आणि दोन माणसांत सहा फूट ठेवा असे पाठ झालेले. पण खोलीच वीस फुटांची. सहा फूट कुठून आणायचे? मग पाच कोपरे केले. खोलीला कोपरे चारच असतात, पाचवा आमचा, दाराजवळचा. बायकांनी ओढण्या बांधून पडदे केले. रात्री कुणी खोकले की साऱ्या खोलीचा श्वास थांबे.

दुसऱ्या दिवशी शिपाई चाचांनी हाक मारली. शाळेच्या जुन्या बाजूचे पत्रे उडाले होते आणि ऑफिसात पाणी साचले होते. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात दाखल-खारीज. हेडसरांना विचारायचे तर फोन मुका. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचे नाही हा नियम आम्हाला ठाऊक होता. चाचा म्हणाले, "सर, नियम कोरडा आहे, रजिस्टर ओलं आहे." आम्ही सहाही बाडे उचलून खोलीत आणली.

ती कशी वाळवली, ते सांगण्यासारखे आहे. ओले पान ओढले की फाटते, म्हणून आधी बाडे उभी करून निथळू दिली. मग पानापानांत जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे घातले. टाळेबंदीत पेपर येणे बंद झालेले, त्यामुळे रद्दीही जपून वापरायची. ओला तुकडा काढायचा, दोरीवर वाळवायचा, पुन्हा घालायचा. ऊन लावले तर पान वाकडे होते. शेवटी मुलांच्या अम्मीने दादींच्या घरातून कोळशाची इस्त्री आणवली आणि पानावर मलमलची ओढणी टाकून हलक्या हाताने फिरवली. टाक-दौतीच्या काळातली काळी अक्षरे शाबूत होती. बॉलपेनचीही. मधल्या काळातली, फाउंटन पेनची निळी अक्षरे मात्र पसरली होती; काही नावांचे नुसते ढग राहिले. जी वाचता आली ती आम्ही लगेच वेगळ्या कागदावर उतरवून घेतली. खोलीतली पाचही कुटुंबे त्या कामाला लागली. एका बाईंनी आपल्या सासऱ्यांचे नाव सापडताच पान हातात घेतले आणि फुंकर घालत बसल्या. मुलाला निजवताना घालतात तशी.

सातव्या दिवशी टेकडीवर फोनला जरा रेंज मिळाली. हेडसर ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर ठेवा. कुठेतरी लिहून ठेवा." आम्ही एका पत्र्याच्या पेटीत बाडे ठेवून कुलूप लावले. त्या रात्री मेणबत्तीपुढे बसून मुलांच्या अम्मीने थोरलीची वही उघडली आणि दोन रकाने पाडले. 'अपना' मध्ये तेवीस नग. 'अमानत' मध्ये दादींचा तांब्याचा हंडा, दादींची पेटी आणि शाळेची पेटी. तीन नग.

मधल्या दिवसांत पंचनामे सुरू झाले. घर कुणाचे, वाडी कुणाची, क्षेत्र किती. आम्ही दादींच्या वतीने उत्तरे दिली. भाडेकरूला त्या कागदात जागा नव्हती, आणि नसावी हेही बरोबरच. छप्पर त्यांचे गेले होते. सरकारने मदतीचा दर वाढवला होता, बागांना सुरुवातीला हेक्टरी ५०,००० रुपये. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. थोरलीने तोंडीच उत्तर दिले, "पाच हजार!" आणि गणित बरोबर आल्याच्या आनंदात हसली. दादीही हसल्या. आम्हाला तेवढे जमले नाही.

वीस जूनच्या सुमारास निरोप आला की मुंबईहून येणाऱ्या लोकांच्या विलगीकरणासाठी शाळेची खोली हवी. त्यात चुकीचे काही नव्हते. येणारे गावचेच होते, त्यांना रस्त्यावर थोडेच ठेवायचे? दादींच्या कुवेतच्या मुलाने ओळखीने तिथल्याच एका गावकऱ्याचा बंद बंगला आमच्यासाठी मागून घेतला. कोकणच्या मुस्लिम वस्त्यांत असे बंगले गल्लीगल्लीत आहेत. आखाताच्या पैशाने बांधलेले, रंगवलेले आणि कुलूप लावलेले.

हलवायच्या दिवशी आभाळ भरून आले होते. हातगाडी एकच, आणि फेऱ्या दोन लागणार. शाळेच्या आवारात चार माणसे उभी होती. पहिल्या फेरीत आम्ही शाळेची पेटी घातली, मग तांदूळ, शेगडी, दादींची पेटी. मुलांची अम्मी म्हणाली, "वाकळी घ्या." आम्ही म्हटले, "दुसऱ्या फेरीत. आधी अमानत." हे वाक्य जरा मोठ्याने म्हटले गेले. उभ्या माणसांनी माना डोलावल्या. आम्ही अर्ध्या वाटेवर असताना पाऊस कोसळला. परत आलो तोवर व्हरांड्याच्या कडेला ठेवलेले गाठोडे पन्हळीखाली भिजून दगड झाले होते. पुढे आठवडाभर ऊन पडले नाही. दोन वाकळी कशाबशा वाळल्या. तिच्या अम्मीची वाकळ आतून कुजली, तिला बुरशी धरली. ती काही बोलली नाही. त्या दिवसाच्या फेहरिस्तीत 'अपना' मधल्या एका नगावर तिने रेघ मारली आणि दोन दिवस आमच्याशी गरजेपुरतेच बोलली.

बंगला मोठा होता. फरशी अशी गुळगुळीत की धाकटा पहिल्याच दिवशी तीनदा घसरून पडला. मालकाने फोनवर दोनच अटी घातल्या होत्या: भिंतीत खिळा ठोकू नका आणि सोफ्यावरचे प्लॅस्टिक काढू नका. आम्ही सोफ्याकडे पाठ करून फरशीवर राहिलो. सव्वादोन महिने त्या दिवाणखान्यात आमची चूल, आमचे अंथरूण आणि आमची शाळा होती. शाळा म्हणजे व्हॉट्सअॅप. सकाळी टेकडीवर जाऊन आदल्या रात्री मोबाईलवर बोललेला धडा पाठवायचा, मुलांनी वहीचे फोटो पाठवायचे. जनरेटरवाल्याकडे मोबाईल चार्ज करायला २० रुपये पडत. चाळीस मुलांच्या वर्गात उत्तरे यायची नऊ-दहा. बाकीच्यांना मोबाईल नव्हता, किंवा होता तो बापाबरोबर मुंबईत होता. बी.एड.ला आम्ही पाठ टाचण काढायला शिकलो होतो: उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, फलकलेखन. ज्या मुलाच्या घराला छप्परच नाही त्याच्यासाठी फलकलेखन काय करायचे, ते कुठल्या तासाला शिकवले नव्हते. मग हाताने प्रश्न लिहून, कागद घरोघर नेऊन ओट्यावर ठेवू लागलो. कागदावर दगड. दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद, त्याच दगडाखाली.

१ ऑगस्टला बकरी ईद झाली. शेजारून मटणाचे वाटे दारापर्यंत आले, पण थाळी हातात न देता कठड्यावर ठेवून लोक मागे सरत. आम्हीही तसेच करायचो. वाईट कुणालाच वाटत नव्हते, आणि वाटत होतेही.

ऑगस्टच्या शेवटी मालकाचा फोन आला. त्यांची नोकरी गेली होती, विमानात जागा मिळाली होती, बायको-मुलांसह कायमचे परत येत होते. "सर, वाईट वाटून घेऊ नका," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. ज्याची वीस वर्षांची नोकरी गेली तो आम्हाला समजावत होता. दोन दिवसांत आम्ही घर धुऊन काढले, खिडक्या पुसल्या, फिनाईल फिरवले. जाताना मुलांच्या अम्मीने त्यांच्यासाठी डाळ-भात शिजवून झाकून ठेवला. ते आले त्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. त्यांनी दुरून सलाम केला आणि आधी सोफ्याकडे पाहिले. प्लॅस्टिक जागेवर होते. मग ते हसले. त्यांनीच ते नंतर काढून टाकले म्हणे. आता इथेच राहायचे, तर सोफा ठेवायचा कुणासाठी?

तिसरा मुक्काम मदरशाच्या खोलीत. टाळेबंदीत तालीब आपापल्या गावी गेले होते. लांबट खोली, भिंतीत कोनाडे, एक खिडकी समुद्राकडे. आता फेहरिस्तीचे दुसरे टोक जड होऊ लागले. ज्यांची घरे उघडी पडली होती ते आपल्या चीजवस्तू आणून ठेवू लागले. कुणाचे शिवणयंत्र, कुणाच्या लेकीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी, एका कोळ्याच्या कुटुंबाची देवाची पितळी समई आणि कागदांची पिशवी. त्या कोळीणबाई म्हणाल्या, "मदरशाची भिंत पक्की हाय, सर." समई ठेवायला मुलांच्या अम्मीने स्वतःचा स्टीलचा डबा रिकामा करून दिला. त्या पानावर 'अपना' सतरा आणि 'अमानत' अकरा आहे. ज्यांना वर्षानुवर्षे 'घाटावरचे' म्हटले त्यांच्याच खोलीत गाव आपल्या पेट्या ठेवत होते. आम्हाला वाटले, अजून आपलेपणाची कबुली ती काय असते?

सप्टेंबरच्या शेवटी आम्हाला ताप आला. अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह. ताप फार नव्हता, श्वास ठीक होता, डॉक्टर म्हणाले घरीच वेगळे राहा. घर म्हणजे एक खोली. दादी ऐंशीच्या, मुले लहान. मुलांच्या अम्मीने इकडेतिकडे पाहिले आणि सामान हलवायला घेतले. साऱ्या पेट्या, यंत्र, तांदळाचे डबे, भांड्यांची पोती एकावर एक रचली. खोलीच्या मधोमध छातीइतकी भिंत उभी राहिली. वर ताडपत्री टांगली. खिडकीकडची बाजू आमची, दाराकडची त्यांची. ज्या सामानाला आम्ही तीन महिने ओझे म्हणत होतो, ते आमचे घर झाले.

चौदा दिवस आम्ही भिंतीपलीकडचे आवाज ऐकले. दादींची तस्बीह. थोरलीचे श्रुतलेखन आम्ही इकडून सांगायचो, ती तिकडे लिहायची. धाकटा मध्येच विचारी, "अब्बा, तुम्ही अजून आहात?" जेवणाची थाळी शाळेच्या पेटीवर ठेवली जाई, कारण तीच मध्ये नीट सपाट होती. मुलांची अम्मी थाळी ठेवून मागे सरे, मग आम्ही उचलायचो. एका रात्री सारे निजल्यावर आम्ही म्हटले, फार एकटे वाटते. पलीकडून आवाज आला, "त्या पेटीत नावं किती?"

"असतील पाच-सहा हजार."

"एवढी माणसं मध्ये बसवलीत आणि म्हणता एकटं वाटतं!"

आम्ही हसलो, खोकला लागला. खोकला थांबल्यावर जे जूनपासून सांगायचे राहिले होते ते सांगितले. वाकळीचे चुकले आमचे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "पेटी पत्र्याची होती."

एवढेच. आम्ही अंधारात पडून त्या तीन शब्दांचा विचार करत राहिलो. पेटी पत्र्याची होती, कुलूपबंद होती. दहा मिनिटे पावसात राहिली असती तरी आतल्या कागदाला काही झाले नसते. वाकळ कापडाची होती. एवढे साधे गणित मुलांना शिकवणाऱ्याला त्या क्षणी का सुचले नाही? कारण आवारात चार माणसे उभी होती. आम्हाला अमानत सांभाळायची होतीच, पण सांभाळताना दिसायचेही होते. दुसऱ्याची वस्तू जपताना आपल्या घरातल्या माणसाची वस्तू पन्हळीखाली ठेवली. आणि तीही अमानतच होती, मेलेल्या आईने लेकीपाशी ठेवलेली. ती कुठल्या रकान्यात लिहायची हे आम्हाला कळले नव्हते. हे सारे आम्ही तिला तेव्हा बोललो नाही. सकाळी थाळी उचलताना एवढेच म्हटले, "हो. पत्र्याची होती."

१६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळे उघडली. मशिदीत पुन्हा जमात उभी राहिली, मध्ये अंतर ठेवून. मदरशाचे तालीब परतायचे म्हणून खोली मोकळी करायची होती. दादींच्या घराचे काम रखडले होते. मजूर मिळत नव्हते, पत्र्याचे भाव चढलेले. कौले परत घालणे परवडणार नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये घरावर निळे पत्रे चढले आणि आम्ही चौथ्यांदा, शेवटचे, सामान उचलले. त्या वेळी मात्र उचलायला माणसे पुष्कळ होती. छोटा हत्तीवाल्याने भाडे घेतले नाही. ज्यांच्या त्यांच्या वस्तू ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या. मुलांची अम्मी वही घेऊन दारात उभी राहिली आणि एकेका नगावर रेघ मारत गेली. समई नेताना कोळीणबाईंनी डबा परत केला, त्यात सुकवलेले बोंबील होते. पत्र्याखाली पहिला पाऊस वाजला तेव्हा दादी म्हणाल्या, "कौलावर एवढा आवाज नव्हता." पण झोपल्या मात्र गाढ.

शाळेची पेटी आम्ही हेडसरांच्या पुढ्यात उघडली. सहा बाडे. त्यांनी पाने चाळली. एका पानावर इस्त्रीचा तपकिरी कोपरा उमटला होता. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवले. आम्ही म्हटले, "ही घरच्यांची सही." हेडसरांनी ते पान पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "राहू द्या." ज्या नावांचे ढग झाले होते ती नावे उतरवून घेतलेल्या कागदांवरून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीतून जुळवायचे काम पुढे बरेच दिवस चालले. काही जुळली, काही नाहीत.

वाकळीचा चांगला राहिलेला भाग तिने कापून काढला होता. त्याची धाकट्यासाठी एक लहान दुलई झाली. बाकीचा भाग कुठे टाकला ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

२२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस थांबत नव्हता. गावात बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत मशिदीच्या ओट्यावर सामान जमू लागले. चादरी, भांडी, तांदूळ, मेणबत्त्या, काडेपेट्या. गेल्या वर्षी आपल्याला काय लागले होते हे साऱ्यांना पाठ होते. मुलांच्या अम्मीने कपाटातून वही काढली. नवे पान उघडून तिने या वेळी तिसरा रकाना पाडला. वर लिहिले, 'देना'. रात्री उशिरापर्यंत ती आणि शेजारच्या बायका लिहित होत्या.

पहाटे टेम्पो आला. आम्ही पहिली पेटी उचलून आत सरकवायला गेलो, तोच मागून तिचा आवाज आला.

"वाकळी आधी आत ठेवा. पेट्या मागून. त्या भिजल्या तरी चालतात."

आम्ही पेटी खाली ठेवली आणि गाठोडे उचलले.